बोंबलाच्या वलांडीवर केळीचा धागा

चांगुणामावशीचं नाव आधी घेते, मग काय झालं ते सांगते. उलटं सांगायला गेलं की लोक मधेच ‘अरेरे’ म्हणतात, विषय बदलतात, आणि मावशी सांगायची राहूनच जाते. वेसाव्याच्या कोळीवाड्यात तिच्या घराच्या पोटमाळ्यावर मी भाड्याने राहायचे. नववीत शाळा सुटलेली, तापीकाठच्या केळीच्या मुलखातून आलेली, मासळी कधी तोंडात न घातलेली, आणि पोटमाळ्याची शिडी चढतानासुद्धा ‘पडले तर घरी कोण कळवणार’ असा विचार करणारी मी. बोंबलाच्या ऐन दिवसांत तिनं आपल्या दोन वलांड्या मला मोकळ्या करून दिल्या. वाळूत बांबू रोवायचे, त्यांना आडव्या काठ्या बांधायच्या, आणि त्यावर बोंबील वाळत घालायचे, ती वलांडी. तिच्यावर मी केळीच्या खोडाचा धागा वाळवला. मावशी नसती तर तो धागा कुजून गेला असता. मावशी होती म्हणून तो वाळला. पुढे त्याचं जे झालं ते झालं, पण वाळला तो तिच्यामुळे.

परवा नवरात्र उठलं. मी आता कांदिवलीला असते. गल्लीच्या तोंडाशी मंडप सोडवत होते आणि कमानीचे केळीचे खांब कचऱ्याच्या पेटीला टेकवून ठेवले होते. पानं करपून चुरगळलेली, खोडं मात्र अजून ओली, गार. मला कामावर जायला उशीर होत होता, तरी थांबले. बाहेरच्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालीच्या थरात, अंगठा रुतवला. पाणी आलं. चांगलं खोड होतं, लांब धागा निघाला असता. मंडपवाला वरून म्हणाला, “न्यायचंय का ताई? न्या, न्या, बिनधास्त न्या.” मी नको म्हणून हात ओढणीला पुसला. पुसायला नको होता. केळीचा चीक लागतो तेव्हा दिसत नाही. वाळला की तपकिरी होतो आणि मग कापड विरेपर्यंत जात नाही. माझ्या जुन्या ड्रेसांवर तसे डाग आहेत. ते मी टाकत नाही आणि घालतही नाही.

मुंबईत या दिवसांतल्या उन्हाला सगळे शिव्या देतात. पाऊस गेलेला, थंडी अजून आलेली नाही, आणि मधे हे पांढरं, चिकट ऊन. मला मात्र ते पडलं की घाई सुटते. काहीतरी बाहेर काढून वाळत घालायचं राहिलंय असं वाटतं. मग आठवतं, आता काही राहिलेलं नाही.

आमच्याकडे घड उतरवला की केळीचं झाड संपतं. एक झाड, एकच घड. बाप माझा घड वाहतो, बागेतून गाडीपर्यंत, खांद्यावर. घड गेला की खोडं तोडून बांधावर फेकतात. तिथे ती काळी पडतात, त्यांच्यावर चिलटं बसतात, आणि त्या कुजण्याचा एक गोडसर, आंबूस वास सगळ्या शिवाराला असतो. लहानपणी मला वाटायचं, संध्याकाळचा वास असाच असतो सगळीकडे. मग एक दिवस रेवती मॅडम आल्या. कापडाचं शिक्षण घेतलेल्या, मूळच्या अलिबागकडच्या. त्यांनी आमच्या गावात एका पत्र्याच्या शेडमध्ये धागा काढायचं मशीन बसवलं, आणि शाळा सुटून घरी बसलेल्या आम्हा पोरींना बोलावलं. खोड उभं चिरायचं, सोपटं वेगळी करायची, एकेक सोपट मशीनच्या पात्यांत द्यायचं आणि मागे ओढायचं. पलीकडे चोथा पडतो, पाणी पडतं, आणि आपल्या हातात उरतो तो ओला, चमकदार, पिवळसर धागा. पहिल्यांदा तो हातात आला तेव्हा मला वाटलं, हे एवढी वर्षं आत होतं आणि आम्ही फेकत होतो?

बापानं धागा बोटांवर घेऊन ओढून बघितला. तुटेना. म्हणाला, “मजबूत हाय वं माय.” आणि बराच वेळ खांदा चोळत उभा राहिला.

गावातलं मशीन चाललं नाही. माल घेणारे मुंबईत, धागा गावात. मॅडमनी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा भाड्याने घेतला, मशीन तिथे हलवलं आणि मला विचारलं, येतेस का. खोडं वसईच्या बागांतून टेम्पोनं यायची, सणासुदीला मंडपांची उचलायची. ‘इथे जमलं ना,’ मॅडम म्हणाल्या होत्या, ‘तर तुझ्या गावात परत मशीन लावू. मोठं.’ त्या एका वाक्यावर मी आले. बाकी मुंबईचं मला काही नको होतं. खरंच नको होतं.

गाळ्यात आम्ही तिघं. मॅडम, मी आणि दळवीकाका. काकांचे वडील गिरणीत मागावर होते. गिरणी गेली, काका फिटर झाले, आणि म्हातारपणी परत मागाशी येऊन बसले. लांब धाग्याचं ते कापड विणायचे. आखूड, तुटका धागा आम्ही पिंजून, राळ पाजून, गरम दाबयंत्रात घालून त्याचे कडक पत्रे करायचो. खुर्चीच्या पाठीला, टेबलाला चालतील असे. पत्रा यंत्रातून निघाला की काका त्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि म्हणायचे, “बघ गो चेडवा, लाकूड नाय, प्लास्टिक नाय. केळ बोलता हा.” मी नेहमी हसायचे. आणि रोज मनात म्हणायचे, देवा, हे चालू दे.

घाबरण्यासारखं काही नसताना घाबरायची माझी सवय जुनी आहे. पण त्या वर्षी कारण होतं. ऑफिसांचं फर्निचर बनवणाऱ्या एका कंपनीनं नमुने मागवले होते, कापडाचे आणि पत्र्याचे. मॅडमनी आम्हाला समोर बसवून सरळ सांगितलं, “हे पास झालं तर गाळा राहील. नाही झालं तर वाट लागली यार, खरंच सांगते. माझ्याकडचं सगळं संपलंय.” काका मागाला तेल घालत राहिले. मी विचारलं, “आणि गावचं मशीन?” मॅडम म्हणाल्या, “तेच सांगतेय ना.”

आणि धागा वाळेना. पाऊस हटता हटत नव्हता, गाळ्यात हवा नव्हती. पंखे लावले, दोऱ्या बांधल्या, व्हरांड्यात पसरला तर शेजारच्या गाळ्यातले ओरडायचे की यांच्या झिपऱ्या पायात येतात. वरून सुका लागणारा धागा आतून ओलाच असायचा. दुसऱ्या दिवशी त्यावर राखाडी बुरशी. मी ती चिंधीने पुसायचे, आणि ती परत यायची. हातात घेतला की धागा कटकट तुटायचा. जो बापाला तुटला नव्हता.

त्या दिवशी मी पोटमाळ्यावर डागाळलेला ड्रेस घासत बसले होते. खालून मावशीचा आवाज आला.

“काय गो, चामडी काढतेस काय त्या कपड्याची?”

मी सांगितलं, चीक आहे. मग चिकाचं सांगितलं, मग धाग्याचं, मग बुरशीचं, आणि मग रडूच आलं. मावशी शिडीच्या खाली कमरेवर हात ठेवून उभी. नवरा गेल्यावर होडीचा वाटा, बाजार, घर, सगळं एकटीनं ओढलेली बाई. रडणाऱ्या माणसाशी बोलायची तिला सवय नव्हती. ती म्हणाली, “वाळवायचं हाय ना? मग रडतेस कशाला? आमी काय करतो जल्मभर? वाळवतोच.”

पाऊस थांबला तसं तिनं मला खाडीच्या बाजूला किनाऱ्यावर नेलं. तिच्या वलांड्या तिथे होत्या. बोंबील यायला सुरुवात झाली होती. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोड्या काठीवर टाकलेल्या, वाऱ्यावर हलणाऱ्या. शेजारणी पाटीत मासळी घेऊन रांगेत बसलेल्या. मावशीनं दोन वलांड्यांवरच्या जोड्या भराभर उतरवल्या आणि म्हणाली, “टाक तुझ्या झिपऱ्या.”

शेजारची एक म्हणाली, “चांगुणे, भाडेकरनीचे केस सुकवतेस का काय?”

“तुझ्या टकलावर लावाया,” मावशी म्हणाली. “जरा बाजूला हो, ऊन अडवतेस.”

मी इतकी हसले की बुरशी, कंपनी, सगळं विसरले. अशी मी मुंबईत त्याआधी हसले नव्हते.

त्या उन्हाबद्दल मला लिहिता येईल असं वाटत नाही, तरी सांगते. पाण्यावरून वारा यायचा, त्यात मीठ असायचं, ओठांवर लागायचं. धागा काठ्यांवर पिवळा, नंतर दुपारकडे जवळजवळ पांढरा. एका बाजूला चंदेरी बोंबील, एका बाजूला माझा धागा, आणि दोन्ही सारखेच हलायचे. पलीकडे मढला जाणारी फेरीबोट घरघरत जायची आणि तिच्यातले लोक उभे राहून बघायचे, हे नवीन काय. मावशी काठीनं कावळे हाकलायची. ते धाग्यावरही बसायचे, का कोण जाणे. संध्याकाळी धागा गोळा करताना तो कुरकुर वाजायचा. वाळलेल्या धाग्याचा तो आवाज मी गावाहून निघाल्यावर पहिल्यांदा ऐकला.

पहिल्या दिवसांत मला तिथल्या वासानं उलट्या व्हायच्या. ओढणी नाकाला बांधून जायचे. पोरं चिडवायची, “डाकू आला, डाकू आला.” मग कधीतरी ओढणी खाली आली. मग एक दिवस मी गाळ्यातून परत येताना गल्लीत शिरले आणि मला वास आलाच नाही. मी मुद्दाम दीर्घ श्वास घेतला. काही नाही, नुसती हवा. मला त्याचा किती आनंद झाला! वाटलं, चला, आता इथली झाले. घरी फोनवर आईला सांगितलंसुद्धा. आई म्हणाली, “जपून राह्य.” ती प्रत्येक गोष्टीला तेच म्हणते.

धागा गाळ्यात आला. काकांनी कापड विणलं. खरं सांगते, तसं कापड आम्ही आधी कधी केलं नव्हतं. जाडसर, पण हाताला गार आणि वळणारं. पत्रे दाबले. यंत्र तापलं की काकांना भूक लागायची. रोज. डबा खाऊन झाला तरी म्हणायचे, “माका परत भूक लागली. तुमका नाय?” मॅडम म्हणायच्या, “मलाही लागलीये, काय माहीत का. चला, वडापाव मागवा.” आम्ही वडापाव खायचो, गरम पत्र्यांच्या शेजारी बसून. खुशीत होतो. नमुने वेळेत झाले होते. काकांनी प्रत्येक पत्र्यावर टकटक करून बघितलं आणि मॅडमनी सगळं नव्या कागदात गुंडाळलं.

कंपनीचं ऑफिस काचेच्या इमारतीत होतं. मॅडमनी मला सोबत नेलं. म्हणाल्या, ‘धागा कुणी काढला विचारतील तर तू सांग.’ मी रात्रभर वाक्यं पाठ करत होते. खोली बंद, एसी सुरू, मोठं टेबल. मॅडमनी कागद सोडला. समोरच्या साहेबांनी कापड हातात घेतलं, कौतुकानं उलटसुलट केलं, पत्रा वाकवून बघितला. ‘छान आहे,’ म्हणाले. मग बोलणं सुरू झालं, आणि थोड्या वेळानं साहेबांच्या शेजारची मुलगी खुर्ची मागे सरकवून बसली. मग तिनं रुमाल काढला. साहेब बोलता बोलता थांबले, टेबलाखाली बघितलं, स्वतःच्या बुटाकडे बघितलं. मग कापड नाकाजवळ नेलं.

“हे... मासळी आहे का?”

मॅडमनी पत्रा उचलून वास घेतला. त्यांचा चेहरा बघून मीही घेतला. मला तेव्हाही काही आलं नाही. देवाशपथ, नुसती हवा. पण मॅडमच्या डोळ्यांत मला दिसलं की त्यांना आता कळलं होतं, आपल्याला भूक का लागायची. त्या काचेच्या खोलीला उघडायला खिडकी नव्हती. साहेब सज्जन होते, कुणाला काही लागेल असं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “खुर्चीवर माणूस दिवसभर बसतो हो. घाम येतो.” आणि कापड घडी करून आमच्याकडे सरकवलं.

आम्ही कापड धुतलं. परत धुतलं. वास गेला तेव्हा कापडाचा जीवही गेला होता, पोतेऱ्यासारखं लोंबायला लागलं. पत्रे तर धुता येईनात. राळेत कोंडलेला वास ऊब लागली की बाहेर यायचा. मॅडमनी नवीन नमुने देते म्हणून फोन केले. आधी ‘बघू’ म्हणाले, मग फोन उचलायचे बंद झाले.

मी पुष्कळ विचार केला आहे. चूक कुठे होती? मॅडम अलिबागच्या, काका मालवणचे, मावशी कोळीण. त्या सगळ्यांना तो वास म्हणजे घर, जेवण. आणि एकटी मी, जिला तो कळला असता, तिचं नाक नेमकं तेव्हाच इथलं झालं होतं. कुणाला दोष देऊ? कधी वाटतं, वास नसता आला तरी काहीतरी दुसरं झालं असतं. प्लास्टिकची खुर्ची कितीतरी स्वस्त, तिच्याशी एक गाळा, एक माग आणि तीन माणसं कुठवर लढणार होती? त्या खोडांचं नशीब कुजायचं ते कुजायचंच. असं म्हटलं की थोडा वेळ बरं वाटतं. मग आणखी वाईट वाटतं.

गाळा दिवाळीनंतर रिकामा झाला. मशीन भंगारवाला घेऊन गेला. मॅडम आता एका क्लासमध्ये शिकवतात. कांदिवलीत दळवीकाका राहतात. त्यांनीच त्यांच्या चाळीजवळ मला खोली बघून दिली, आणि पार्सलच्या एका गोदामात काम. आलेल्या वस्तूला फुगेवालं प्लास्टिक गुंडाळायचं, चिकटपट्टी मारायची, पुढे सरकवायची. दिवसभर माझ्या हातात प्लास्टिकच असतं. वाईट काम नाही. बसायला स्टूल देतात. बाप अजून घड वाहतो. फोनवर मी खांद्याचं विचारते, तो पावसाचं सांगतो. मशीनचं आता तो विचारत नाही.

मावशीला मी खरं सांगणार नव्हते. म्हटलं होतं, कापड कच्चं निघालं. पण काका मला सामान न्यायला मदत करायला आले आणि चहा पिता पिता बोलून गेले, “वासान घात केल्यान गो चांगुणाबाय.” मावशीच्या हातात बशी होती. ती तिनं खाली ठेवली.

“कसला वास?”

 मी म्हटलं, “काही नाही मावशी, ते साहेबच तसले होते.”

“माज्या वलांडीचा?”

 ती उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, एरवीपेक्षा जास्त. बाहेर आली तेव्हा मला म्हणाली, “माफ कर गो पोरी. मना ठावं नव्हतं.”

माझी! तिनं माझी माफी मागितली. जिनं ऐन हंगामात दोन वलांड्या रिकाम्या केल्या, उरलेले बोंबील वाळवायला जागा नाही म्हणून ओले पडत्या भावात दिले आणि मला त्यातला चकार शब्द सांगितला नाही. मला ते शेजारणीकडून कळलं. मी तिचे हात धरले, म्हटलं, असं नका म्हणू, तुमच्यामुळे तर वाळला. तिनं हात हळूच सोडवून घेतले आणि मागे नेले. “नको,” म्हणाली, “तुझ्या कपड्यांना लागंल.” त्यानंतर मी तिथे होते तेवढे दिवस ती माझ्याजवळ येताना आधी साबणानं हात धुवायची. खाली चुलीवर मासळी शिजवायची बंद झाली. तिच्या सुनेनं चूल मागच्या दारी मांडली. मी शिडीवर बसून ते बघायचे आणि मला काही करता यायचं नाही. गाळा गेला, गावचं मशीन गेलं, ते मी समजून घेतलं आहे. हे नाही घेता येत. जन्मभर ज्या वासानं तिनं घर चालवलं, त्याची तिला माझ्यामुळे लाज वाटली.

अधूनमधून जाते मी वेसाव्याला. ती खुर्ची देते, बिस्किटं आणते, लांब बसते. तोंडानं काही सांगून तिला पटणार नाही.

पण एक ठरवलं आहे. कधी होईल माहीत नाही. गोदामातून हंगामभर सुट्टी मिळत नाही आणि नोकरी सोडायची माझी हिंमत नाही. पण कधीतरी, मावशीचे हात चालताहेत तोवर, बोंबील यायला लागले की मी जाईन. ज्या हातांनी मासळीला कधी शिवले नाही, त्याच हातांनी बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून तिच्या दोन वलांड्या मी भरेन, रोज, हंगाम संपेपर्यंत. संध्याकाळी तिच्या चुलीपाशी तिला अगदी खेटून बसेन, आणि तिच्यादेखत हात धुणार नाही.